दूध कशाला म्हणावे?

आमच्या महाविद्यालयातील एका सहकारी प्राध्यापिकेने भटक्या आणि जखमी जनावरांच्या एका निवाऱ्यासाठी निधी जमवायचे ठरवले, तेव्हा तिच्या यादीत मीही नाव घातले. योजना सोपी होती. जानेवारीचे तीस दिवस मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप, लोणी, मध यांपैकी काहीही खायचे नाही. जितके दिवस पाळले जातील तितक्या दिवसांचे पैसे ओळखीच्या मंडळींनी निवाऱ्याला द्यायचे. मी जन्माने मासे खाणारा, राहतो मुलुंडला, शिकवतो घाटकोपरला. मासे सुटतील की नाही याचीच मला धास्ती होती. प्रत्यक्षात मासे तिसऱ्या दिवशी विस्मरणात गेले. छळले ते दुधाने.

वास्तविक मराठी स्वयंपाकात दुधाशिवायचे पदार्थ थोडे नाहीत. पिठले-भाकरी, थालीपीठ, मटकीची उसळ, कटाची आमटी, कांदेपोहे, वडापाव. यांत मूळचा दुधाचा थेंब नाही. परंतु घराबाहेर पडले की हे गणित बिघडते. पाव तव्यावर लोण्यात परतला जातो, बिस्किटात दुधाची भुकटी असते, उपवासाची साबुदाण्याची खिचडी तुपातली असते, सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तर सर्वस्वी तुपाचाच. घाटकोपर आणि मुलुंडच्या पूर्व-पश्चिम दोन्ही अंगांना शाकाहारी उपाहारगृहांची मुळीच वाण नाही, आणि तिथेच माझी सर्वाधिक अडचण झाली. मालवणी खानावळीत नारळाच्या रसातली भाजी आणि सोलकढी तरी निर्धास्तपणे मागता येते. 'शुद्ध शाकाहारी' पाटीखाली मात्र डाळीला तुपाची फोडणी असते आणि पोळीला तूप लावलेले असते. २००१ पासून आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आला. त्या ठिपक्याच्या कायदेशीर व्याख्येतच दूध आणि दुधाचे पदार्थ मांसाहारातून वगळलेले आहेत, त्यामुळे माझ्या कामी तो शून्य होता. आठवडाभरात मी दुकानात उभा राहून वेष्टनावरची बारीक अक्षरे चष्मा कपाळावर चढवून वाचू लागलो. त्या वाचनातच एक जुनी गोष्ट आठवली. आमची आजी दरवर्षी आश्विनात दूध सोडत असे, आणि तिला असा वैताग आलेला मी कधी पाहिला नव्हता.

आजी करीत असे ते क्षीरव्रत. चातुर्मासातील चार महिन्यांना चार वर्ज्ये सांगितलेली आहेत: श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल, म्हणजे ज्यांची डाळ होते ती धान्ये. ही व्यवस्था जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी'चा व्रतखंड रचला. मूळच्या पैठणच्या घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत 'निर्णयसिंधू' लिहिला आणि काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात 'धर्मसिंधू' सिद्ध केला. महाराष्ट्रातील घरोघरीच्या व्रतांना आधार म्हणून पुढे शेवटचे दोन ग्रंथ सांगितले जात. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांची जी दीर्घ सूची दिली आहे, ती नुसती चाळली तरी कोणत्या गोष्टीचा त्याग कोणी किती दिवस करावा, याविषयी आपल्या पूर्वजांनी केवढा विचार केला होता हे ध्यानात येते.

या ग्रंथांकडे वाङ्मयाचे विद्यार्थी सहसा फिरकत नाहीत. तिथे पुण्याच्या गप्पा असतील अशी आपली समजूत असते. वास्तविक तिथे मुख्यतः शब्दार्थाचा खल चालतो. शाक म्हणजे काय? मूळ, पान, अंकुर, शेंडा, फळ, देठ, साल, फूल इत्यादी मिळून शाकाचे दहा प्रकार परंपरेने मोजले जातात. श्रावणात हे दहाही सोडायचे म्हटले तर माणसाने आमटी-भातावर राहावे लागेल. म्हणून व्यवहारात अनेक घरांनी 'शाक' म्हणजे पालेभाजी एवढाच अर्थ घेतला आणि श्रावण सुसह्य केला. दुधाचेही तसेच. भाद्रपदात दही वर्ज्य आणि आश्विनात दूध वर्ज्य, असे दोन निरनिराळे महिने नेमलेले आहेत याचा अर्थच असा की दही हे दूध नव्हे. तूप तर कोणत्याच महिन्यात नाव घेऊन वर्ज्य केलेले नाही. आजी आश्विनात कोरा चहा पिई, खीर शिवत नसे, पण दहीभात खाई आणि वरणावर तूप घेई. व्हीगन दृष्टीने पाहिले तर हे व्रत नव्हेच. तिच्या दृष्टीने ते पूर्ण होते, कारण तिने जे सोडले होते त्याचे नाव आणि त्याची मुदत दोन्ही नेमकी होती.

आणि शेवटी दान होते. जे सोडले त्याचेच दान उद्यापनाला द्यायचे, असा संकेत. आजी दुधाने भरलेली तांब्याची लोटी दक्षिणेसह देत असे. सोडणारा आणि देणारा एकच माणूस, आणि जी वस्तू सोडली तीच दिली जाते, इतका सरळ हिशेब इथे आहे. आमच्या जानेवारीच्या योजनेत हा हिशेब तिरपा झाला होता: सोडणारा मी, पैसे देणारे तिसरेच, घेणारी जनावरे चौथी. यात गैर काही नाही. पण मी चहा सोडल्याने माझ्या मेहुण्याने कुत्र्यांच्या लसीसाठी पैसे का द्यावेत, याचे तर्कशुद्ध उत्तर मला अजून देता आलेले नाही.

आजीच्या व्रतात एक उणीव होती, आणि ती मला फार उशिरा दिसली. त्यात गाय नव्हती. म्हणजे गायीची पूजा होती, वसुबारस होती, पण दूध सोडण्याचे कारण गाय नव्हती. कारण होते आपली जीभ. वासराच्या वाट्याचा प्रश्न शास्त्रग्रंथांतल्या या व्रताने विचारलेला नाही. तो विचारला आहे, आणि अगदी स्पष्ट विचारला आहे, तो बायकांच्या कहाण्यांनी. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते आणि म्हणूनच ती कधी वाचलेली नसते. एका राजाच्या मनात येते की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटते, भीतीपोटी घरोघरचे सगळे दूध देवळात येऊन पडते, वासरांना राहत नाही, मुलांना राहत नाही, आणि गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचे कामधाम उरकून, मुलाबाळांना जेवू घालून, गाईवासरांचे पाहून, उरलेले खुलभर दूध घेऊन येते, आणि गाभारा भरतो. राजा पुढे शोध लावतो, म्हातारीला अभय देतो, तेव्हा ती सांगते की तुझ्या आज्ञेने मुलांचे आणि वासरांचे आत्मे तळमळले, ते देवाला रुचले नाही.

या कहाणीतील सूक्ष्मता अशी की म्हातारी दूध वर्ज्य करीत नाही. ती फक्त वाटपाचा क्रम बदलते: आधी घरची पोरे आणि गोठ्यातली वासरे, मग देव. राजाच्या दानात परिमाण प्रचंड आहे आणि क्रम चुकलेला आहे. लोककथेचे अभ्यासक या कहाणीकडे भक्तीच्या अंगाने पाहतात. मला ती अर्थशास्त्राची वाटते. शहराला दूध हवे असते तेव्हा ते कोणाच्या तोंडचे काढले जाते, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत विसाव्या शतकात जसा उभा राहिला, तसाच तो इथे बीजरूपाने आहे.

हा प्रश्न आपल्या अंगावर घेऊन दूध सोडणारा आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे गांधी. त्यांच्या मातोश्री पुतळीबाई चातुर्मासाची कडक व्रते करीत. एका चातुर्मासात सूर्यदर्शनाशिवाय न जेवण्याचे व्रत त्यांनी घेतले होते, ही आठवण आत्मकथेत येते. दूध विकार वाढवते हा विचार गांधींना प्रथम रायचंदभाईंकडून मिळाला. १८९१ मध्ये विलायतेहून परतल्यावर मुंबईत ज्या जवाहिऱ्या कवीची त्यांना ओळख झाली, तेच हे रायचंदभाई. इथपर्यंत कारण जुनेच होते, जिभेचे आणि देहाचे. पण पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या हाती कलकत्त्याहून आलेले काही वाङ्मय पडले. गवळी गाईम्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी फुंक्याची जी क्रूर रीत वापरीत, तिचे वर्णन त्यात होते. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्याशी बोलता बोलता दोघांनीही दूध सोडले. देहसंयम आणि जनावरावरील दया ही दोन कारणे इथे एकाच प्रतिज्ञेत मिसळली. क्षीरव्रत आणि आजचे व्हीगनपण यांच्या मधली ही नेमकी कडी आहे, असे मी समजतो.

ही प्रतिज्ञा मुंबईत मोडली. किंवा मोडली नाही, जसे पाहावे तसे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना गांधींना आमांश झाला. त्या दिवसांत शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू हा त्यांचा मुख्य आहार होता. सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी त्यांनी जरा जास्त खाल्ली आणि तेवढे निमित्त पुरले. नडियाद, अहमदाबाद असे करीत आजार महिनोन्‌महिने रेंगाळला. बर्फाने उपचार करणारे केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ आले. त्यांच्या बर्फाने थोडा हुरूप आला. त्यांना अंडीही द्यायची होती, ती गांधींनी नाकारली. हवापालटासाठी माथेरानला नेले, तिथले पाणी मानवले नाही. अखेर जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि बजावले की दूध घेतल्याशिवाय ही प्रकृती मी उभी करू शकत नाही. इंजेक्शने द्या, पण दुधाचे व्रत आहे, असे रुग्णाचे उत्तर. व्रत कशासाठी, या प्रश्नावर गांधींनी फुंक्याची हकिगत सांगितली. कस्तुरबा खाटेजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, की मग बकरीच्या दुधाला तुमची हरकत असायचे कारण नाही.

निर्णयसिंधूच्या कर्त्याला शोभेल असा हा अर्थनिर्णय एका निरक्षरप्राय बाईने उभ्या उभ्या केला. प्रतिज्ञा करतेवेळी गांधींच्या मनात गाय आणि म्हैसच होती, बकरी नव्हती, म्हणून शब्द राखला गेला. आत्मकथेत ते स्वतःला सूट देत नाहीत: प्रतिज्ञेचे शरीर जपले, तिचा प्राण गेला, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. जगण्याची इच्छा सत्याच्या निष्ठेपेक्षा बलवत्तर ठरली, कारण रौलट विधेयकांविरुद्ध लढा द्यायचा होता. चरित्रकार बहुधा इथे गांधींच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करतात. मला कस्तुरबांचे अधिक वाटते. आहाराचे प्रयोग नवऱ्याने करायचे, आणि ते फसले की शेजारी उभे राहून मार्ग बायकोने काढायचा, हे पुष्कळ घरांत चालते. आत्मकथेत तिच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, इतकेच. गांधींनी पुढेही दुधाला वनस्पतिज पर्याय शोधण्याचा नाद सोडला नाही. आगाखान राजवाड्यातील बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेतही दूध हा प्राणिज पदार्थ आहे, काटेकोर शाकाहारात तो बसत नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. आणि बकरीचे दूध अखेरपर्यंत घेतले.

१९२४ मध्ये ससूनमधील शस्त्रक्रियेनंतर ते विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले, आणि त्याच वर्षाअखेर बेळगावच्या काँग्रेसच्या वेळी भरलेल्या गोरक्षण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. वाईचे चौंडे महाराज हे त्या चळवळीतले महाराष्ट्रातील मोठे नाव. गोरक्षणाविषयी गांधींची भूमिका त्या काळच्या सभांना बोचणारी होती. गाय कसाई मारतो हे अर्धेच खरे. तिला कसायाकडे पाठवतो तो दुधाचा शहरी धंदा, असे ते सांगत. हे विधान समजण्यासाठी मुंबईचा तबेला समजून घ्यावा लागतो.

मुंबईला म्हशीचे दूध लागे. गुजरात-काठेवाडकडच्या आणि उत्तरेकडच्या जातिवंत म्हशी विण्याच्या सुमारास शहरात आणल्या जात आणि दाटीवाटीच्या तबेल्यांत बांधल्या जात. इथे जागा महाग, वैरण महाग. म्हैस आटली की पुढल्या वेतापर्यंत तिला पोसणे परवडत नसे, म्हणून उत्तम दुभती म्हैस ऐन वयात वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाई. रेडकाची गत त्याहून वाईट. ते जितके दूध पिईल तितके विक्रीतून कमी होणार, तेव्हा ते उपासाने मरू दिले जाई आणि म्हशीने पान्हा सोडावा म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो पुतळा तिच्यापुढे उभा केला जाई. कहाणीतल्या राजाचा गाभारा म्हणजे हाच, फक्त तो रोज पहाटे भरावा लागे. घाटकोपरचे सार्वजनिक जीवदया खाते यासारख्या संस्था अशी जनावरे सोडवून सांभाळण्याच्या प्रेरणेतून उभ्या राहिल्या. त्यामागे पैसा होता तो बव्हंशी त्याच उपनगरांतील गुजराती-जैन व्यापाऱ्यांचा, ज्यांच्या ताटात दूध-तूप भरपूर असे. हा दांभिकपणा म्हणून हिणवण्याचा मोह आवरावा. ताट न बदलताही माणसे दान देतात, आणि ताट बदलून काहीच न देणारेही असतातच.

सरकारने या प्रश्नाचे उत्तर गोरेगावच्या टेकड्यांत शोधले. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली: सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे, १६ हजार जनावरांची सोय. शहरातले तबेले बाहेर काढायचे, जनावरांना उघड्यावर गवताच्या सान्निध्यात ठेवायचे आणि दूध यंत्राने निर्जंतुक करून बाटलीतून घरोघर पोचवायचे. १९६३ मध्ये खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेच्या केंद्रावर पहाटे लागणारी रांग हा मुंबईच्या दोन पिढ्यांचा दिनक्रम झाला, आणि दूध ही सणासुदीची वस्तू न राहता नळाच्या पाण्यासारखी गृहीत धरली जाऊ लागली. माझ्या महिनाभराच्या वैतागाचे ऐतिहासिक कारण इथे आहे. आजीच्या माहेरी, कोकणातल्या एका खेड्यात, दूध मुळातच मोजके होते. ते आश्विनात सोडणे हे मोजक्यातले थोडे सोडणे होते. मी ज्या उपनगरात वाढलो तिथे दूध हवेसारखे सर्वत्र मुरलेले होते. हवेतून वजा होता येत नाही.

मधल्या एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यागाचा हा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रयोग होता. १९६५ मध्ये धान्यटंचाई आणि युद्ध यांच्या छायेत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारची संध्याकाळ ठरली. उपाहारगृहेही त्या वेळी बंद राहू लागली. महाराष्ट्रात सोमवारचा उपास आधीपासून घरोघर होताच, त्यामुळे ते आवाहन इथे नव्याने शिकवावे लागले नाही. आमच्या घरी वडिलांनी तो सोमवार पुढे बरीच वर्षे पाळला, शास्त्रीजी गेल्यानंतरही. त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली, दूध मुलांसाठी वाचावे म्हणून. हेतू म्हातारीचा आणि रीत राजाची, असा तो प्रकार झाला, आणि त्याने लोक केवळ संतापले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. महिना संपल्यावर चैत्रात आमच्या शेजारच्या इमारतीतील एका गुजराती बाईंनी मला त्यांच्या आयंबिलशाळेत नेले. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या उपनगरांत श्वेतांबर जैनांच्या उपाश्रयांना जोडून अशा शाळा किंवा खाती असतात, हे मी वर्षानुवर्षे पाट्यांवर वाचत आलो होतो. आत कधी गेलो नव्हतो. आयंबिल हा शब्द प्राकृतातला, संस्कृत 'आचाम्ल'. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचे आणि त्या जेवणात सहा 'विगई' असता कामा नयेत: दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले. विगई म्हणजे विकृती, मनात विकार उत्पन्न करणारे अन्न. याखेरीज चार महाविगई आहेत, ज्या जैनाला कायमच्याच वर्ज्य: मध, मद्य, मांस आणि लोणी. लोणी मांसाच्या पंगतीला बसलेले पाहून मला क्षणभर गंमत वाटली; हिरव्या ठिपक्याची व्याख्या करणाऱ्यांनी ही यादी पाहिली नसावी. आयंबिलात हिरवी भाजी नाही, फळ नाही. थोडक्यात, व्हीगन आहारातूनही पुष्कळ काही वजा करून जे उरेल ते हे जेवण.

चैत्र आणि आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवसांची ओळी असते. त्या दिवसांत श्रीपाळ आणि मयणासुंदरी यांच्या कथेचा रास वाचला जातो. विनयविजयांनी सुरतजवळच्या रांदेरला तो रचायला घेतला आणि त्यांच्या निधनानंतर यशोविजयांनी विक्रम संवत १७३८ मध्ये पुरा केला. नऊ दिवसांवर न थांबणारेही असतात. वर्धमान तपात एक आयंबिल व एक उपास, दोन आयंबिल व एक उपास, असे करीत शंभरापर्यंत चढायचे. एकूण ५,०५० आयंबिले आणि १०० उपास, म्हणजे सलग केले तर चौदा वर्षे, तीन महिने आणि वीस दिवस. हा हिशेब ऐकल्यावर माझ्या तीस दिवसांविषयी त्या शाळेत बोलणे मी टाळले.

पण थक्क केले ते आकड्यांनी नव्हे, व्यवस्थेने. सकाळीच मोठ्या पातेल्यांतून मुगाची खिचडी, उकडलेल्या डाळी, बिनतेलाच्या रोट्या आणि खाकरे तयार होत होते. चवीला मीठ, मिरे, हिंग, सुंठ. प्यायला उकळून निववलेले पाणी. पाटावर बसलेल्यांत शाळकरी मुली होत्या, बँकेत जाणारे पुरुष होते, हात कापणाऱ्या आजीबाई होत्या. कोणालाही वेष्टन वाचावे लागत नव्हते. ओळीचा खर्च कोणी एक किंवा अनेक कुटुंबे उचलतात, आणि तप पुरे करणाऱ्यांना प्रभावना म्हणून काही भेट देतात. म्हणजे इथे दानाचा ओघ आजीच्या व्रताच्या उलट दिशेने आहे: सोडणारा देत नाही, त्याला दिले जाते, देणाऱ्याला त्याच्या तपाच्या अनुमोदनाचे पुण्य मिळते. आमच्या जानेवारीच्या योजनेशी याचे साम्य आहे, तेही तिसऱ्याने पैसे देण्याचे. फरक इतकाच की आयंबिलात देणाऱ्याचा पैसा प्रथम सोडणाऱ्याच्या पानात पडतो, आणि आमच्या योजनेत सोडणारा जेवला का, काय जेवला, याची विचारपूस करणे कोणाच्याही जमाखर्चात नव्हते.

शेजारच्या बाईंनी परत येताना विचारले, "भाई, महिनाभर तुमच्यासाठी रांधत कोण होतं?" मी सांगितले, की पत्नी. रोज दोन भांडी, दोन फोडण्या. सासूबाईंना दहीभात हवा, मुलाला पनीर, मला यातले काही नको. त्या काहीच बोलल्या नाहीत. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा मला त्या वेळी आठवल्या, हे मात्र खरे.

आश्विनातली ओळी कोजागिरीला संपते. त्या रात्री एका इमारतीच्या गच्चीवर पातेल्यात केशर-बदामाचे दूध आटत असते आणि पलीकडच्या इमारतीत कोणी शेवटचे आयंबिल करून उद्याच्या पारण्याची वाट पाहत असते. जे क्षीरव्रत एकादशीपासून एकादशीपर्यंत मोजतात त्यांचा दुधाचा महिना कोजागिरीच्या चारच दिवस आधी संपतो. पंचांगकर्त्यांनी हे मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही, पण वर्ज्याची मुदत संपल्यावर ती वस्तू उत्सवाने परत हाती द्यावी, ही समज या कॅलेंडरात आहे खरी. 'व्हीगन' हा शब्द घडवला तो डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी, १९४४ मध्ये, इंग्लंडात. दूध न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना वेगळे नाव हवे होते म्हणून. ते व्रत नव्हते, ती जन्मभराची भूमिका होती. जानेवारीपुरते व्हीगन होण्याची मोहीम २०१४ मध्ये तिकडेच सुरू झाली, तेव्हा त्या भूमिकेला प्रथमच मुदत मिळाली. मुदत आली म्हणजे व्रताचे सगळे जुने प्रश्नही आले. आता ते शास्त्री सोडवत नाहीत, खाद्यसुरक्षा प्राधिकरण सोडवते. २०२१ मध्ये सोया, बदाम वगैरेंच्या पेयांना 'दूध' म्हणू नये असा आदेश त्याने काढला. नारळाचे दूध आणि शेंगदाण्याचे लोणी यांना रूढीमुळे सूट. २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम झाले आणि वेगळे चिन्ह आले. कमलाकरभट्टांना यात अपरिचित काही वाटले नसते.

माझे व्रत सतराव्या दिवशी मोडले. भांडुपला एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील गेले होते, भेटायला गेलो. त्याच्या आईने न विचारता चहा पुढे केला, दुधाचा, साखर जास्त घातलेला. त्या घरात त्या वेळी 'मी दूध घेत नाही' असे म्हणणे मला शक्य झाले नाही. तिने कप माझ्या हाती देताना तिचा हात थरथरत होता. चहा पुरा प्यायलो. दुसऱ्या दिवशी सहकारी प्राध्यापिकेला हे सांगितले, तेव्हा तिने आपली वही उघडली आणि विचारले, "सर, मग शेवटी एकोणतीस लिहू की तीस?" मी म्हटले, एकोणतीस. तिने सतरा या आकड्यावर फुली मारली, आणि मेहुण्याने मात्र पैसे तीस दिवसांचेच दिले.